एलिसेओ नावाचा दिवा

सुल्मा बार्रिओनुएबोचं हॉलंडच्या एका माणसाशी जमलंय, ही बातमी आमच्या ओहो दे काब्रा गावात पहिल्यांदा कोणी आणली हे आता कोणीच कबूल करणार नाही. ऐकली मात्र सगळ्यांनी. बेकरीवाल्या नेल्ली ओचोआनं तर सांगताना आधी आजूबाजूला पाहिलं, खालचा ओठ आत घेतला आणि मग कुजबुजली, म्हणजे पलीकडच्या बसथांब्यावर ऐकू जाईल एवढ्याच आवाजात: "रोज पत्रं येतात त्याची. रोज! आणि वाचताना हिचे गाल बघा, तंदूर पेटलीय नुसती. मी विचारलं, काय गं लिहितो एवढं? तर म्हणते कशी, 'तो म्हणतो हे नाव चालणार नाही, बदला.' आता मला सांगा, पुरुष माणूस बाईला नाव बदल म्हणतो ते कशासाठी?"

बसथांब्यावरची माणसं म्हणाली, "कशासाठी?"

"लग्नासाठी!" नेल्ली म्हणाली, आणि बातमी बसमध्ये चढून पुढच्या गावाला गेली.

खरं काय होतं ते असं. हॉलंडात वीबे नावाचा माणूस होता, हे खरं. पत्रं यायची, हेही खरं. गाल लाल व्हायचे, तेही खरंच, पण ते रागानं. वीबेनं सुल्माला प्रेमाचा अर्धा शब्दसुद्धा लिहिला नव्हता. दोघं भांडत होते. भांडणाचा विषय होता मसुराच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा, आणि त्याचं नाव काय ठेवायचं ते.

सुल्मा पन्नाशी ओलांडलेली बाई. उंची बेताची, आवाज मात्र अख्ख्या डोंगराला पुरून उरेल असा. आम्ही कोर्दोबाच्या डोंगरातली माणसं तशी शब्द ताणूनच बोलतो, पण सुल्मा ताणते म्हणजे गरम चीज ताणावं तशी. "कशाऽऽला चढलास रे टाऽऽकीवर?" एवढं तिचं म्हणून होईपर्यंत चढलेला माणूस खाली उतरून हात धुऊन बसलेला असतो. आधी ती पाण्याचे पंप दुरुस्त करायची, मग रेडिओ, मग टीव्ही. ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं सुल्माकडे. गुडघा केव्हाचाच कामातून गेलाय, तरी कुठे काही बंद पडलं असं कळलं की ही निघालीच.

शहरातली एकही इंटरनेट कंपनी आमच्या खोऱ्यात चढून यायला तयार नव्हती, तेव्हा लोकांनी आपलं आपणच जाळं विणलं. प्रत्येक घराच्या छपरावर अँटेना, खिडकीशी एक डबा. वरच्या घराकडून घ्यायचं, खालच्या घराला द्यायचं. डबे गावच्या क्लबच्या मागच्या शेडमध्ये आमच्याच सहकारी मंडळानं जोडलेले. आत जी ऑपरेटिंग सिस्टिम चालते ती जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कोणीही घ्यावी अशी. तिच्यात आमच्या डब्यापुरता जो भाग लागतो तो सुल्मानं लिहिला. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणते, "चुकत चुऽऽकत."

डब्याच्या कपाळावर तीन दिवे. पहिला सांगतो वीज आहे का. दुसरा सांगतो घरातले फोन जोडलेत का. तिसरा सगळ्यांत लाडका: बाहेरून, म्हणजे वरच्या शेजाऱ्याच्या छपरावरून, इंटरनेट पोचतंय का ते तो सांगतो. या तिसऱ्याला आमच्याकडे दिवा कोणी म्हणतच नाही. ज्या शेजाऱ्याकडून येतं त्याचंच नाव. पोस्टवाल्या मिर्ताच्या घरी तो 'पाद्री', कारण तिला चर्चच्या मनोऱ्यावरून मिळतं. नेल्लीच्या बेकरीत तो 'न्हावी'. "न्हावी लुकलुकतोय गं," असं कोणी म्हटलं की लगेच कोणीतरी न्हाव्याच्या दुकानात डोकावून ओरडतं, "काका, तुमची अँटेना वाऱ्यानं फिरली!" आणि न्हावी गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीवर सोडून छपरावर पळतो.

सुल्माला मिळायचं टेकाडावरच्या डॉन एलिसेओ किंतेरोसच्या छपरावरून. डॉन एलिसेओ म्हणजे बकऱ्या, चीज आणि गाऱ्हाणी. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर पडतं: "मी काही बोलत नाही, पण..." आणि त्यानंतर तो जेवणवेळेपर्यंत बोलतो.

आता ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक दिव्याला नाव द्यावं लागतं. नाहीतर डब्याला कळणार कसं, कोणता पेटवायचा आणि कोणता विझवायचा? गाव दुपारचं झोपलेलं असताना सुल्मानं पेपेरिनाचा पाला घातलेलं माते, म्हणजे आमचा कडू चहा, ओढत ओढत तिन्ही नावं लिहून टाकली. वीज. घर. एलिसेओ.

तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. तिच्या घरात त्या दिव्याचं नावच ते होतं! आणि तो मजकूर जसाच्या तसा खोऱ्यातल्या सगळ्या डब्यांत जाऊन बसला.

मग धमाल सुरू झाली.

फोनवर डब्याचं पान उघडलं की लोकांना दिसायचं: वीज चालू, घर चालू, एलिसेओ बंद. वरच्या वाड्यांवर, जिथे डॉन एलिसेओला कोणाचं कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं, तिथे माणसांनी डोकी खाजवली. कोण हा? आणि बंद का असतो सारखा? हळूहळू सगळ्यांची खात्रीच पटली की खाली कुठेतरी एलिसेओ नावाचा इसम बसलाय आणि खोऱ्याचं बटण त्याच्या हातात आहे.

वरच्या वाडीवरची एर्मेलिंदा ताबोर्दा तर मोटरसायकलवर बसून थेट त्याच्या बकऱ्यांच्या गोठ्यात उतरली. हेल्मेटही काढलं नाही.

"तूच का रे एलिसेओ?"

"मीच. चीज हवंय?"

"चीज काय विचारतोस मला! काल दुपारी माझी मालिका ऐन रंगात आली होती. सासूनं विषाचा पेला उचलला आणि तू बंद केलंस!"

"मी?"

"पानावर चक्क लिहिलंय. एलिसेओ, बंद! तुझी सही तेवढी राहिलीय खाली."

"अहो बाई, काल दुपारी मी झोपलो होतो."

"बघा!" एर्मेलिंदा बकऱ्यांना उद्देशून म्हणाली. "बंद करून झोपतो. कबूल करतोय वर तोंड करून."

डॉन एलिसेओ तणतणत सुल्माकडे आला. "मी काही बोलत नाही, सुल्मा, पण हे काय मांडलंयस? माझ्याच घरी काल पानावर आलं, 'एलिसेओ बंद'. दिवसभर छातीवर हात ठेवून बसलोय मी."

"बदऽऽलते रे," सुल्मा म्हणाली.

पण पुढच्या खेपेला तो आला तो वेगळाच. लोक आता त्याला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले होते. "डॉन एलिसेओ, रविवारी मॅच आहे, जरा लक्ष असू द्या." आणि डॉन एलिसेओ टोपी मागे सारून काय म्हणायचा माहीत आहे? "बघतो." बघतो म्हणायचा! एर्मेलिंदानं जाताना त्याच्याकडचं चीजही नेलं होतं, आणि पुन्हा नेलं. नाव बदलू का असं सुल्मानं स्वतःहून विचारलं तेव्हा म्हणाला, "मी काही बोलत नाही, पण घाई कशाला करतेस?"

इथपर्यंत सगळी मजाच होती. पण मंडळाची अध्यक्ष मिर्ता लुदुएन्या हिला मजा समजत नाही. मिर्ता आयुष्यभर पोस्टात होती आणि अजूनही शिक्का मारल्यासारखी बोलते, एक शब्द, एक ठप्प. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली की सुल्माला ती हातानं आमच्या डब्यासाठी तयार करावी लागे, आणि तो गुडघा घेऊन घरोघर हिंडून भरावी लागे. महिनेच्या महिने जायचे. वरच्या वाड्या अजून मागच्याच्या मागच्या आवृत्तीवर. आणि नेमकी आता शहरातली एक कंपनी डोंगर चढायला तयार झाली होती. त्यांचे डबे, त्यांचं जाळं, त्यांचं बिल. आमचे डबे गोळा करून शेडमध्ये टाकायचे.

"सुल्मा," मिर्ता म्हणाली. "तुझा. गुडघा. आमचं. इंटरनेट. दोन्ही. लंगडतंय."

"माझा डबा सिस्टिमच्या मूळ मजकुरात घेतला ना ती लिहिणाऱ्या लोकांनी, की नवी आवृत्ती आपोआऽऽप येईल घरोघर. कोणाला हिंडायलाच नको!"

"घेतला. का?"

"घेतीऽऽल."

"रविवारच्या. सभेपर्यंत. घेतला. तर. डबा. राहील. नाही. तर. कंपनीच्या. कागदावर. सही."

आणि ती गेली. सुल्मा पायरीवर तशीच बसून राहिली. हे जाळं तिनं छपराछपरावरून स्वतःच्या हातानं ओढलं होतं. ते शेडमध्ये ढीग होऊन पडलेलं तिला दिसायला लागलं, आणि ती उठली ती तडक आत जाऊन वीबेला लिहायला बसली.

कारण बाकी सगळं पास झालं होतं! डबा कसा सुरू होतो, अँटेनाशी कसा बोलतो, तापला तर काय करतो, सगळं. अडलं होतं ते फक्त दिव्यांच्या नावांवर, आणि नावं तपासायचं काम वीबेकडे होतं. ही पत्रं जगाला वाचता येतील अशी इंटरनेटवर उघड्या फळ्यावरच असतात, त्यामुळे मी ती मालिकेसारखी वाचायची. वीबे लिहितो म्हणजे दारातच उभा राहून बोलतो. आत या म्हटलं तरी येत नाही.

'एलिसेओ म्हणजे काय?' हे त्याचं पहिलं पत्र. संपलं.

सुल्मानं त्याला पानभर लिहिलं. टेकाड, छप्पर, वारा, शेजारधर्म, सगळं.

'म्हणजे तो माणूस आहे?'

'हो. चांगला आहे. चीज करतो.'

'दिव्याच्या नावात माणूस चालत नाही. आधी रंग, मग दोन टिंबं, मग काम. कामांचे शब्द ठरलेले आहेत, त्यांतला घ्या. हे नाव चालणार नाही, बदला.'

हेच ते पत्र, जे नेल्लीच्या कानावर पडलं आणि बसमध्ये चढलं.

सुल्मा स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. "काम विचारतो मला! अरे एलिसेओचं काम काऽऽय ते आख्ख्या खोऱ्याला विचार! आम्हाला इंटरनेट देणं हेच त्याचं काम! आणि शब्द म्हणे ठरलेऽऽले आहेत. कोणी ठरवले? मला विचारलं?" किटली शिट्टी मारत होती, तिच्यावरही ओरडली. मग तिनं हे सगळं, किटली वगळून, लिहून पाठवलं.

वीबेचं उत्तर आलं. या खेपेला चक्क दोन ओळींचं, म्हणजे त्याच्या मानानं भाषणच.

'माझ्या घरी एलिसेओ नाही. उद्या तुमचा डबा मी घेतला, तर तो दिवा पेटून मला काय सांगेल?'

सुल्मा येरझाऱ्या घालायची थांबली. वीबेच्या घरी एलिसेओ नाही. एर्मेलिंदाच्या घरीही नाही! तिला तर वरच्या खाणीच्या मनोऱ्यावरून मिळतं. तिच्या डब्यावर तो दिवा विझला तेव्हा ती खाणीकडे जायची सोडून खाली बकऱ्यांच्या गोठ्यात आली, आणि इकडे अँटेना तशीच लोंबत राहिली. किती घरं अशी चुकीच्या दारात जाऊन भांडून आली असतील?

"बरोबर बोलतोय मेऽऽला," सुल्मा म्हणाली, आणि गाल आणखीच लाल झाले, कारण चुकीच्या माणसावर चिडण्यात जी मजा असते ती बरोबर असलेल्यावर चिडण्यात नाही.

तिनं नाव बदललं. ग्रीन, मग दोन टिंबं, मग वॅन. बाहेरून येणाऱ्या जोडणीला त्या लोकांच्यात वॅन म्हणतात, एवढंच. हॉलंडात वाचा, आमच्याकडे वाचा, कोणाच्या गोठ्यात जायची गरज नाही.

'नाव बरोबर,' वीबेनं लिहिलं. 'ज्या डब्यांत जुनं नाव आहे त्यांचं काय?'

'ते मी बघते.'

'कसं?'

या 'कसं'ला सुल्मानं उत्तर दिलं नाही. आनंदात होती. खाली आणखी एक ओळ होती: 'वापरातल्या डब्यांवर चालवून पाहा आणि कळवा. मग घेतो.' वाचली आणि नाचलीच ती. रेडिओवर क्वार्तेतोचं नाचगाणं लागलं होतं, गुडघ्यासकट नाचली.

वापरातल्या डब्यांवर म्हणजे एखाद्या घरी, फार तर शेजारच्या, असं कोणीही समजलं असतं. पण ती सभेच्या रविवारची सकाळ होती, आणि सुल्मानं नवी आवृत्ती जाळ्यावरूनच सगळ्या खोऱ्याला एकदम पाठवून दिली. मध्येच तुटली तर डबा कायमचा मरेल, या भीतीनं आजवर ती घरोघर हिंडून भरायची; आज आनंदात तेही विसरली. डबे बंद झाले, पुन्हा सुरू झाले. वीज पेटली. घर पेटलं. तिसरा दिवा कुठेच पेटला नाही.

ती इकडे पापुद्र्यांचा क्रिओजितो पाव लोणी लावून खात होती. तेवढ्यात नेल्ली पिठाच्या हातांनीच आली.

"सुल्मा! अगं खातेस काय! सगळं खोरं टेकाड चढतंय!"

"कशाऽऽला?"

"एलिसेओ रुसलाय!"

सुल्मानं आपल्या खिडकीतल्या डब्याकडे पाहिलं. तिसरा दिवा काळा. पाव तिच्या हातातच राहिला.

टेकाडावर जत्रा भरली होती. चर्चमधून लोक सरळ तिकडेच आले होते, रविवारच्या कपड्यांत. वरच्या वाड्यांवरचे ट्रॅक्टरवर बसून आले होते. आणि या वेळी भांडायला कोणीच आलं नव्हतं! सगळ्यांचे सगळे दिवे एकाच वेळी विझले, म्हणजे हा साधा राग नव्हे, असं सर्वांचं मत पडलं होतं. मंडळ आज कंपनीच्या कागदावर सही करणार हे त्याला कळलं, म्हणून त्यानं बटण दाबलं. समजूत काढायला हवी. कोणी टोपलीभर एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, आणल्या होत्या, कोणी फेर्नेत दारूची बाटली, कोणी जिवंत कोंबडी. एर्मेलिंदानं केक केला होता आणि त्यावर साखरेच्या पाकानं 'माफ कर' लिहिलं होतं.

आणि डॉन एलिसेओ! उलट्या ठेवलेल्या दुधाच्या कॅनवर बसला होता, मांडीवर कोंबडी, तोंडात एम्पानादा.

"मी काही बोलत नाही," तो म्हणाला, आणि सगळं टेकाड गप्प झालं, "पण मन दुखावलं गेलं होतं माझं."

"झालं गेलं विसरा, डॉन एलिसेओ!"

"कंपनीशी बोलताना मला कोणी विचारलं का?"

"नाही विचारलं! चुकलं!"

"बघतो मग," डॉन एलिसेओ म्हणाला आणि दुसरी एम्पानादा उचलली.

गर्दीच्या मागे मिर्ता उभी होती. कंपनीचा कागद तिच्या पिशवीतून कोपरा बाहेर काढून बघत होता. सुल्मा धापा टाकत वर पोचली तशी मिर्तानं तिच्याकडे मान वळवली.

"हे. तुझं. काम?"

आयुष्यात पहिल्यांदा सुल्माला ताणायला शब्दच सापडेना. सभेच्याच दिवशी तिनं खोऱ्याचं इंटरनेट आपल्या हातानं मारलं होतं. घरोघर हिंडायलाच आठवडे लागतील आणि सही संध्याकाळी आहे. ती तोंड उघडणार, तोच तिच्या कोपराशी टिंग झालं.

नेल्लीची सून कोंबडीसकट डॉन एलिसेओचं चित्रण करत होती. ती फोनकडे बघून फिदीफिदी हसली. "माझी मावसबहीण विचारतेय, हा म्हातारा नवरदेव आहे का?"

"कुठली बहीण?" सुल्मानं विचारलं.

"रोसारिओची."

"कधी पाठवलंस तिला?"

"आत्ता."

"कशाऽऽवरून?"

"म्हणजे काय? इथे मोबाइलला रेंज आहे का कधी? आपल्या जाळ्यावरून." आणि तिची बोटं जागीच थांबली.

आजूबाजूच्यांनी हळूच खिशातले फोन काढले. टिंग. टिंग टिंग. सकाळपासूनचे निरोप धडाधड उतरायला लागले. दिवा विझलेला पाहून कोणी उघडून बघितलंच नव्हतं!

"इंटरनेट चालू आहे!" नेल्ली किंचाळली.

"चालू कसं असेल?" एर्मेलिंदा ठामपणे म्हणाली. "दिवा बंद आहे."

सुल्मा मात्र टेकाड उतरायला लागली होती. वीबेचा तो 'कसं?' तिच्या कानात आता घणघणत होता. प्रत्येक डब्यात त्या घराची जुनी नोंद असते: बाहेरून जोडणी आली की 'एलिसेओ' पेटव. नवी आवृत्ती गेली पण ती नोंद तशीच राहिली. जोडणी आली, डब्यानं इमानेइतबारे एलिसेओला शोधलं, त्या नावाचा दिवाच नाही म्हटल्यावर बिचारा गप्प बसला. सगळं धडधाकट होतं, फक्त हाक चुकीच्या नावानं जात होती!

तिनं घरात शिरून दार लोटलं आणि लिहायला घेतलं. चारदोन ओळींचं काम. जुन्या नोंदीत 'एलिसेओ' दिसला की तिथे नवं नाव ठेव, आणि मग पुढे चल. या वेळी आधी आपल्या एकट्या डब्यावर. तिसरा दिवा मिचमिचला आणि स्थिर हिरवा झाला. मग नेल्लीच्या बेकरीत. न्हावी पेटला! मग सगळ्यांना.

टेकाडावर तोपर्यंत लोकांनी डॉन एलिसेओला उभं केलं होतं. त्याला काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यानं पाद्री करतो तसा हात वर केला. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "पेटऽऽला!" मग दुसऱ्या छपरावरून, मग वरच्या वाडीवरून फोन, पेटला, पेटला, आणि टेकाडावर जो गलका झाला तो ऐकून बकऱ्या कुंपण मोडून पळाल्या. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. डॉन एलिसेओ स्वतःच्या हाताकडे बघत होता. त्याला आता खरंच वाटायला लागलं होतं की हे आपणच केलं.

सुल्मानं वीबेला सगळं लिहिलं, कोंबडीसकट. काय विसरले, काय बिघडलं, कसं सुधारलं. त्या ओळी खाली जोडल्या आणि पाठवून दिलं. आता त्याचं हो आलं तरच डबा राहणार होता, आणि हॉलंडात रविवारची संध्याकाळ होत आली होती.

सभेला क्लबचा हॉल ओसंडून वाहत होता. मिर्ता टेबलामागे, समोर कंपनीचा कागद, शेजारी पेन. सुल्मा दाराशी बसली होती, मांडीवर फोन पालथा घालून. मी तिच्या शेजारी. त्या ओळी मी वाचल्या होत्या, फळ्यावर होत्याच. जुनं नाव शोधायचं तर ते लिहावं लागतंच, त्यामुळे एवढ्या भांडणानंतरही 'एलिसेओ' तिथे पुन्हा अवतरला होता, ठसठशीत.

"हा वीबे ते नाव खोडणार," मी तिच्या कानात म्हटलं. "परत पाठवणार. 'एलिसेओ म्हणजे काय?'" वीबेचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, पण मला तो काढता येतो.

"नाऽऽही खोडणार."

"लाव पैज."

"कशाऽऽची?"

"हरेल त्यानं माइकवर जाऊन मिर्ताची नक्कल करायची. मिर्तासमोर."

सुल्मानं पापणीही न हलवता हात पुढे केला.

मिर्तानं पेनाचं टोपण काढलं. "अजून. कोणाला. काही?" सुल्माच्या मांडीवर फोन थरथरला. तिनं तो उलटा केला, वाचला, आणि उठून उभी राहिली. तिनं फोन माझ्या हातात कोंबला, आणि मी मोठ्यानं वाचलं:

'जुनं नाव राहू द्या. ते असल्याशिवाय जुन्या डब्यांना नवं सापडणार नाही. चालवून पाहिलं, चाललं. घेतलं.'

मग नेल्ली खुर्चीवर चढली, खुर्ची मोडली, आणि हॉल फुटला. सुल्माला कोणी मिठ्या मारत होतं, कोणी डॉन एलिसेओला. मिर्तानं पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली, तेसुद्धा तीन ठप्प्यांत. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला अशी माझी खात्री आहे.

मग सुल्मानं मला दंडाला धरलं आणि गर्दीतून सरळ माइकपाशी नेऊन उभं केलं. "ऐकाऽऽ हो! ही पोरगी तुम्हाला काहीतरी करून दाऽऽखवणार आहे!"

टेबल सोडून मिर्ता पहिल्या रांगेत येऊन हातांची घडी घालून बसली होती.

"उभी. राहा. सरळ," ती मला म्हणाली.